छप्पर मोजायचं की जमीन?

म्हैसूरच्या अग्रहार चौकात उभे राहा आणि सरळ वर बघा. डोक्यावर झाडाची फांदी, तिच्या पलीकडे एखाद्या जुन्या घराची कौलं, कौलांमागे नव्या इमारतीच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी. आता खाली बघा. पायाखाली डांबर, डांबराखाली म्हैसूरची तांबडी माती. या शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ७६० ते ७७० मीटर सांगतात. पण ही उंची कशाची? तुमच्या चपलेच्या तळव्याची, की त्या टाकीच्या झाकणाची?

नकाशे करणाऱ्यांकडे या प्रश्नाची दोन उत्तरं असतात आणि ती दोन वेगळ्या फायलींत ठेवलेली असतात. एक डिजिटल टेरेन मॉडेल, म्हणजे डीटीएम. झाडं, घरं, पूल, टाक्या असं सगळं सोलून काढल्यावर उरलेली नुसती जमीन. दुसरं डिजिटल सरफेस मॉडेल, म्हणजे डीएसएम. वरून पाहणाऱ्याच्या नजरेला आधी जे लागेल ते, शेंड्यांसकट आणि छपरांसकट. पावसाचा थेंब पडताना पहिल्यांदा ज्याच्यावर आपटतो तो डीएसएम, आणि ओघळून शेवटी ज्याच्यावरून वाहत जातो तो डीटीएम.

दोन्हींचं आडनाव एकच, डिजिटल एलिव्हेशन मॉडेल, म्हणजे डीईएम, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कुणी डीईएम म्हणतं तेव्हा त्याला जमीन अभिप्रेत असते, कुणाला छप्पर. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या बोलीत डीईएम म्हणजे उघडी जमीन. आपल्या इस्रोच्या कार्टोडीईएमच्या नावातही डीईएमच आहे, पण त्यात छपरं आणि झाडं आहेत.

माळ वरून दिसते, दोरा दिसत नाही

अग्रहार हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. राजानं ब्राह्मणांना इनाम दिलेली वस्ती, देवळाच्या दोन्ही अंगांना माळेतल्या मण्यांसारख्या ओळीनं बसवलेली घरं. दक्षिणेत गावोगावी अग्रहार आहेत. म्हैसूरचा अग्रहार राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एकशे एक गणपतींच्या देवळासाठी ओळखीचा, आणि आता पुरता शहराच्या गर्दीत मुरलेला.

अशा दाट वस्तीत डीएसएमची मोठी अडचण होते. भिंतीला भिंत लागलेली घरं, मधे चिंचोळी गल्ली. आकाशातून बघणाऱ्याला गल्लीचा तळ दिसतच नाही. ३० मीटरच्या चौकटींचा नकाशा असेल तर एका चौकटीत दोन-तीन घरं, एक झाड आणि अर्धी गल्ली येते, आणि या सगळ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा मिळतो. तो आकडा ना घराचा, ना गल्लीचा. पावसाचं पाणी मात्र नेमकं गल्लीतूनच जाणार असतं.

चार चौकटींत मावलेला राजवाडा

म्हैसूरचा आजचा राजवाडा हेन्री आयर्विन या वास्तुरचनाकारानं आखला. १८९७ साली जुना लाकडी राजवाडा जळाल्यावर काम सुरू झालं आणि १९१२ साली संपलं. लांबी सुमारे २४५ फूट, रुंदी १५६ फूट, मधल्या मनोऱ्याची उंची १४५ फूट. मीटरमध्ये बोलायचं तर ७५ बाय ४८, आणि उंची ४४.

आता हे ३० मीटरच्या चौकटींवर ठेवा. एवढा भव्य राजवाडा साधारण चार चौकटींत आटोपतो! सोनेरी घुमटाचा मनोरा, कमानी, दरबार हॉल, सगळ्यांची सरासरी होऊन अंगणाच्या मधोमध चार बुटक्या ठोकळ्यांएवढा उंचवटा उरतो. जगभर फुकट मिळणारे उंचीचे बहुतेक नकाशे याच मापाचे आहेत. मनोऱ्याचं टोक पाहायचं असेल तर एक मीटर किंवा त्याहून बारीक चौकटी हव्यात, आणि त्या बहुतेकदा विमानातून किंवा ड्रोनमधून मिळतात.

डीएसएमचा आणखी एक स्वभाव इथं दिसतो. तो त्या क्षणाचा असतो. विजयादशमीच्या दुपारी जंबू सवारी निघालेली असताना कुणी अगदी बारीक मापाचा लेसर फिरवला, तर ७५० किलोच्या सोन्याच्या अंबारीसकट हत्ती त्या डीएसएममध्ये उमटेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं तर रस्ता सपाट. डीटीएमला दोन्ही दिवस सारखे.

नंदी जमिनीत धरायचा की इमारतीत?

आता माझं सगळ्यात आवडतं कोडं. चामुंडी डोंगर साधारण १,०६० मीटरचा, म्हणजे शहराच्या डोक्यावर तीनेकशे मीटर. वर चामुंडेश्वरीचं सात मजली गोपुर. ते बांधलेलं आहे, तेव्हा ते डीएसएममध्ये राहणार आणि डीटीएममधून जाणार, त्यात वाद नाही. पण पायऱ्यांच्या वाटेवर एका अखंड शिळेतून कोरलेला काळा नंदी आहे, जवळजवळ १६ फूट उंच. दोड्ड देवराज वोडेयर यांच्या काळातला, म्हणजे सतराव्या शतकातला. ती शिळा डोंगराचीच असेल तर नंदी ही बांधलेली वस्तू, की घडवलेली जमीन?

नंदीच्या बाबतीत वाद घालता येईल. वेरूळच्या कैलासात तर वादच संपतो. सोळाव्या क्रमांकाचं ते लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. सुमारे ३० मीटर उंचीचं देऊळ, त्याचं शिखर, हत्ती, स्तंभ, सगळं एकाच बसाल्टचं. तिथं कुणी एकही दगड आणून दगडावर ठेवलेला नाही. जे नको होतं ते काढून टाकलं आणि उरलं ते देऊळ. काटेकोरपणे पाहिलं तर कैलास म्हणजे जमीनच! तिथं डीएसएम आणि डीटीएम एक व्हायला हवेत.

यंत्राला हे कळत नाही. जमीन वेगळी काढणारी आज्ञावली सरळ हिशेब करते: चहूबाजूंच्या तळापासून एकदम ताठ वर आलेलं, वरून ठरावीक मापाचं, म्हणजे इमारत. उडवा. ती कैलास उडवेल आणि डोंगरात नुसता मोठा खड्डा दाखवेल. मग एका माणसानं पडद्यासमोर बसून हातानं ते दुरुस्त करायचं, आणि त्या माणसाला वेरूळ माहीत असायला हवं. उंचीच्या नकाशात स्थानिक माणसाची गरज का लागते, हे यापेक्षा सुंदर रीतीनं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

अजिंठ्याची तर वेगळीच तऱ्हा. तिथली लेणी दोन्ही नकाशांत नाहीत. ही दोन्ही मॉडेलं प्रत्येक जागेला उंचीचा एकच आकडा देतात, म्हणून डोंगराच्या पोटातली पोकळी त्यांच्या लेखी नसतेच. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाही असाच. तो आत वळलेला आहे, वरची कड पुढे आणि मधलं अंग मागे. नकाशात तो सरळ तुटलेल्या भिंतीसारखा उतरतो. ज्या बाकासाठी आपण रात्रभर चालत जातो, तो बाकच गायब.

दुर्बीण चढवली देवळावर

म्हैसूर भागातली शास्त्रशुद्ध मोजणी श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर लगेच सुरू झाली. मे १७९९ मध्ये टिपू पडला, आणि कर्नल कॉलिन मॅकेन्झीनं म्हैसूर राज्याची पाहणी हाती घेतली. त्याच लढाईत विल्यम लॅम्ब्टन नावाचा अधिकारी होता. रात्रीच्या कूचमध्ये आकाशातले तारे पाहून त्यानं आपली तुकडी भलत्या दिशेला चालली आहे हे ओळखलं होतं. पुढे १८०० साली त्यानं बंगळूरजवळ पहिली पायारेषा मोजली आणि १८०२ साली मद्रासहून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला.

डोंगराळ मुलखात त्रिकोण जोडणं सोपं, एका माथ्यावरून दुसरा माथा दिसतो. कावेरीच्या सपाट खोऱ्यात मात्र भातखाचरं आणि माड. दुर्बीण जमिनीवर ठेवली तर चारी बाजूंना झावळ्या. म्हणून १८०८ साली लॅम्ब्टननं आपली अर्ध्या टनाची थिओडोलाइट दुर्बीण तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवायला घेतली. तेव्हा तंजावरच्या गादीवर आपले सरफोजीराजे होते. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याच्या वर्तुळाकार पट्टीचा आकार बिघडला. लॅम्ब्टन तंबूत बसून कित्येक आठवडे ते हातानं ठोकून-ठाकून पुन्हा गोल करत राहिला.

आजच्या भाषेत सांगायचं तर त्याला जमीन मोजायची होती, आणि त्यासाठी डीएसएमच्या टोकावर चढावं लागत होतं. शिखराची उंची हिशेबातून वजा करायची, मग जमिनीचा आकडा हाती येणार. तेच वजाबाकीचं काम आज संगणक करतो.

लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी वारला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. कबर तिथंच आहे.

जग उलटं करा, वर कापड टाका

झाडंघरं सोलायची कशी? सगळ्यात देखणी युक्ती २०१६ साली चिनी संशोधकांनी मांडली. लेसरनं टिपलेले लाखो ठिपके घ्यायचे आणि ते आख्खं दृश्य पालथं करायचं. छपरं खाली लोंबायला लागतात, जमीन वर येते. मग संगणकातच त्यावर एक कापड अंथरायचं आणि सोडून द्यायचं. कापड जिथं टेकेल ती जमीन. पालथ्या झालेल्या घरांच्या खोल खळग्यांत ते उतरत नाही, वरच्या वर ताणून राहतं.

सगळी गंमत कापडाच्या पोतात आहे. म्हैसूर सिल्कची साडी टाकली तर ती प्रत्येक खळग्यात झुळझुळत उतरेल आणि घरंही जमीन म्हणून मोजली जातील. जाडजूड सतरंजी टाकली तर घरं नीट वगळली जातील, पण चामुंडी डोंगराचा माथाही कापला जाईल. म्हणून ही आज्ञावली वापरणारा आधी कापड किती कडक ते ठरवतो: सपाट मैदानाला कडक, डोंगराला मऊ. सह्याद्रीत काम करायचं तर अगदी मऊ.

लेसरचा स्वतःचाही एक गुण आहे. एक झोत सोडला की त्याचा काही भाग शेंड्यावरून परततो, काही मधल्या फांदीवरून, आणि पानांच्या फटीतून निसटलेला थोडासा जमिनीवरून. पहिला परतावा डीएसएमचा, शेवटचा बहुधा डीटीएमचा. एकाच उड्डाणात दोन्ही नकाशे मिळतात आणि एकातून दुसरा वजा केला की झाडाची उंची. नासाचा आइससॅट-२ हा २०१८ साली सोडलेला उपग्रह हिरव्या लेसरचे सेकंदाला १०,००० ठोके टाकत हेच काम अवकाशातून करतो.

ऊस तुटला, नकाशा बसला

लेसरलाही दाद न देणारी एक गोष्ट कोल्हापूर-सांगलीत हेक्टरवारी उभी असते. उभा आडसाली ऊस माणसाच्या दुप्पट उंचीचा आणि इतका दाट, की आत शिरलेला माणूस दिसत नाही तिथं उजेडाला कसली वाट मिळणार? तोडणीआधी मोजलेला डीएसएम आणि तोडणीनंतरचा डीएसएम यांत तीन-तीन मीटरचा फरक पडू शकतो. शेत जागचं हललेलं नसतं. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठच्या सपाटीत तीन मीटर म्हणजे गाव पाण्यात की पाण्याबाहेर, एवढा मोठा आकडा आहे. म्हणून या भागाचा नकाशा हाती आला की तो कोणत्या महिन्यात टिपला, हे आधी बघावं.

रडारच्या लहरींची लांबी

रडार हा उजेडावर अवलंबून नसलेला डोळा, पण त्याचीही नजर लहरींच्या लांबीवर ठरते. तीन सेंटिमीटरची लहर पानांवरूनच परतते. साडेपाच सेंटिमीटरची थोडी आत शिरते. चोवीस सेंटिमीटरची फांद्यांपर्यंत जाते आणि झाडी विरळ असेल तर जमिनीपर्यंत.

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अवकाशयान ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून पृथ्वीभोवती फिरलं. दांड्याच्या टोकाला एक अँटेना, यानात दुसरी. दोन डोळ्यांनी खोली कळते तशी या दोन अँटेनांनी उंची कळली. ११ दिवसांच्या त्या एका मोहिमेत जगाची जवळपास ८० टक्के जमीन मोजून झाली. लहर साडेपाच सेंटिमीटरची, म्हणून दाट जंगलात या नकाशाची उंची ना शेंड्याची ना मातीची, कुठेतरी मधल्या फांदीची. तरी जगातल्या असंख्य अभ्यासांनी तो जमिनीचा म्हणून वापरला.

आपला कार्टोसॅट-१ वेगळ्या रीतीनं बघायचा. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या या उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला आणि एक मागे. एकाच जागेची जवळपास एकाच वेळची दोन छायाचित्रं जुळवून कार्टोडीईएम तयार झाला. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर तो कुणालाही मिळतो. विद्यार्थ्यांनी तो जरूर उतरवून घ्यावा, आपल्या गावावर ठेवून पाहावा. मात्र तो छायाचित्रांतून आलेला आहे आणि छायाचित्राला छपराखालचं दिसत नाही, एवढं ध्यानात ठेवून.

३० जुलै २०२५ रोजी गेलेल्या निसार उपग्रहावर चोवीस सेंटिमीटरची लहर आहे. आपल्या जंगलांकडे बघायला असा डोळा हवाच होता.

सी लिंक नावाचं धरण

डीएसएमवर पाणी सोडून पाहा. कोल्हापूरचा शिवाजी पूल पंचगंगा अडवून धरेल, सांगलीचा आयर्विन पूल कृष्णा अडवेल. कारण पुलाच्या जागी उंचीचा एकच आकडा आहे आणि तो पुलाच्या पाठीचा. खालच्या कमानी नकाशाला ठाऊक नाहीत. संगणकातलं पाणी पुलामागे तुंबतं, मग बाजूच्या शेतांत घुसतं, आणि जिथं पूर कधीच येत नाही तिथं पूर दिसायला लागतो. ५.६ किलोमीटरचा वांद्रे-वरळी सी लिंक तर माहीमच्या खाडीच्या तोंडावरची भिंतच होऊन बसतो.

म्हणून पुराचा हिशेब करणारे आधी पूल काढतात. विमानतळ बांधणाऱ्यांचं उलट. उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत मोबाइलचा टॉवर आहे की नारळ, हेच त्यांना हवं असतं. गच्चीवर सौर पॅनेल लावणाऱ्यालाही डीएसएम लागतो, कारण शेजारच्या इमारतीची सावली जमिनीच्या नकाशात पडत नाही.

पूर्णय्यांचा कालवा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिवाण पूर्णय्यांनी कावेरीचं पाणी म्हैसूरला आणायला कालवा खोदायला घेतला. ते पाणी शहरात पोचलं नाही. पूर्णय्या नाला हे नाव तेवढं मागे राहिलं.

कालव्याला उतार किती लागतो ते पाहिलं की जमीन नेमकी मोजण्याचं मोल कळतं. ५,००० मीटरला १ मीटर, म्हणजे किलोमीटरमागे वीतभर. एवढ्या बारीक हिशेबात एंडेव्हरचा नकाशा काय कामाचा? त्याची ठरवलेली अचूकता १६ मीटर होती. कालव्याची वाट आजही दुर्बीण आणि पट्टी घेऊन, टप्प्याटप्प्यानं लेव्हल काढत ठरवावी लागते किंवा लेसर उडवावा लागतो.

डिजिटल टेरेन मॉडेल हे नावसुद्धा अशाच गरजेतून आलं. १९५८ साली अमेरिकेत एमआयटीच्या चार्ल्स मिलर आणि रॉबर्ट लाफ्लाम यांनी महामार्ग आखताना खोदाई किती आणि भराव किती, हे संगणकाला विचारता यावं म्हणून ते मांडलं. उपग्रह नुकतेच उडायला लागले होते तेव्हाची ही गोष्ट.

चामुंडी डोंगरावर याच मोजणीची आठवण ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. पावसानं नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याचा काही भाग खचला. उतार किती तीव्र, पाणी कुठून मुरतं, माती कुठे सैल आहे, हे झाडांच्या वरून मोजून कळत नाही. झाडी हिरवीगार दिसत असते आणि तिच्याखालचा उतार सरकत असतो. माळीण, तळिये आणि इर्शाळवाडीच्या दरडींनंतर सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीचा उघड्या जमिनीचा नकाशा व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

जंगलाखाली शहर

जंगल सोलल्यावर काय निघतं याचं उदाहरण ग्वाटेमालाचं. तिथल्या घनदाट रानावर विमानातून लेसर फिरवला आणि २०१८ साली माया संस्कृतीची ६०,००० हून अधिक बांधकामं समोर आली. कंबोडियात अंकोरभोवतीही असंच जुनं नगर रानाखालून वर आलं. पुरातत्त्ववाले तिथं वर्षानुवर्षं कोयत्यानं वाट काढत फिरले होते.

आपल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना २०२५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, एक तमिळनाडूतला जिंजी. गडांच्या घेऱ्यातल्या कारवीच्या रानाखाली किती जुन्या वाटा, टाकी, मेटं आणि चौक्या दडल्या असतील, याचा विचार करूनच अंगावर काटा येतो. कारवी सोला, नकाशा काढा, आणि मग फिरायला सांगा आम्हाला!

एव्हरेस्टची टोपी

डीएसएम आणि डीटीएमचं सगळ्यात उंच भांडण एव्हरेस्टवर झालं. चीननं २००५ साली मोजणी करून ८,८४४.४३ मीटर असा आकडा दिला. तो खडकाचा होता, माथ्यावरचा साडेतीन मीटर बर्फ वगळून. नेपाळचं म्हणणं, बर्फासकट मोजा. ८ डिसेंबर २०२० रोजी दोन्ही देशांनी मिळून ८,८४८.८६ मीटर जाहीर केले, टोपीसकट. म्हणजे जगातलं सर्वोच्च शिखर अधिकृतपणे डीएसएममध्ये मोजलं जातं.

शून्य कुठलं?

मोजणीच्या उपग्रह यंत्रातला कच्चा आकडा घेतला तर अग्रहार चौकाची उंची तुम्हाला ८० मीटरहून अधिक कमी दिसेल. यंत्र बिघडलेलं नसतं. उपग्रह पृथ्वीच्या एका गुळगुळीत काल्पनिक अंड्यापासून उंची मोजतात, आणि दक्षिण भारतात खरी समुद्रपातळी त्या अंड्याच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हा खळगा शंभर मीटरहून खोल, जगात सर्वांत खोल. गिरगाव चौपाटीवर उभं राहून कच्चा आकडा पाहिला तर आपण समुद्रात साठ मीटर खाली उभे आहोत असं वाटावं.

म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागराचं पूर्ण पातळीचं माप १२४.८० फूट, ते धरणाच्या स्वतःच्या शून्यापासूनचं. 

मुंबई उंच कशी झाली?

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती. २०१९ साली क्लायमेट सेंट्रल या संस्थेच्या स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. समुद्राच्या भरतीरेषेखाली आज जगात किती माणसं राहतात? एंडेव्हरच्या नकाशावरून उत्तर येत होतं २ कोटी ८० लाख. त्यांनी झाडं आणि इमारती हिशेबातून काढून जमीन पुन्हा मोजली. उत्तर आलं ११ कोटी.

समुद्र तसूभरही चढला नव्हता. एवढी माणसं केवळ नकाशात छपरावर बसली होती, ती जमिनीवर आली. मुंबई अशा शहरांत अग्रभागी आहे: भर घालून केलेली जमीन, दाट इमारती, काठाला खारफुटी. उपग्रहाला गच्च्या दिसतात आणि तो म्हणतो शहर चांगलं उंच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यानं गच्च्या मोजल्या नाहीत. पुढे २०२२ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी जंगलं आणि इमारती वजा केलेला सगळ्या जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्याचं नाव फॅबडेम. अभ्यासासाठी तो फुकट आहे.

लाल रेषेच्या अलीकडे

महाराष्ट्रात नदीकाठच्या बांधकामाला दोन रेषा बांधून घालतात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे कोल्हापूरच्या पोरासोरांनाही पाठ असतं. २०१९ साली तिथं ५५ फुटांच्या वर पाणी होतं, आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर. पण पुलावर रंगवलेले फूट आणि तुमच्या उंबऱ्याची उंची यांचा मेळ घालायचा तर मधे जमिनीचा अचूक नकाशा लागतो. त्यात छपराचे तीन मीटर शिरले की रेषा गल्लीभर इकडची तिकडे होते, आणि त्या गल्लीत कुणाचं तरी घर असतं.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत देशभराचा उंचीचा नकाशा करायचं उद्दिष्ट आहे: मैदानात २५ सेंटिमीटरच्या, डोंगराळ भागात १ ते ३ मीटरच्या अचूकतेचा. तोवर आपण एवढं करू शकतो. नदीकाठी फ्लॅट घेताना, गावाच्या सभेत पूररेषेचा नकाशा भिंतीवर लावला जाईल तेव्हा, किंवा अग्रहारासारख्या जुन्या वस्तीत नवं गटार आखलं जात असेल तेव्हा, समोरच्या अभियंत्याला तीन प्रश्न विचारा. हा नकाशा जमिनीचा की छपरांचा? कोणत्या महिन्यात टिपलेला? शून्य कुठलं धरलंय? आणि उत्तर लेखी घ्या.